वाचकांचा पुरस्कार आणि प्रचाराची मर्यादा



विज्ञानकथेच्या जगात ह्यूगो पुरस्काराइतका मान दुसऱ्या फार थोड्या पुरस्कारांना आहे. १९२६ साली 'अमेझिंग स्टोरीज' हे मासिक काढणाऱ्या ह्यूगो गर्न्सबॅक यांचं नाव त्याला दिलेलं आहे. पहिल्यांदा तो १९५३ साली फिलाडेल्फियात दिला गेला आणि कादंबरीचा पहिला मान आल्फ्रेड बेस्टर यांच्या 'द डिमॉलिश्ड मॅन'ला मिळाला. हा पुरस्कार परीक्षक ठरवत नाहीत, वाचक ठरवतात. जागतिक विज्ञानकथा संमेलनाचं, म्हणजे वर्ल्डकॉनचं, सभासदत्व घेतलं की मताचा अधिकार मिळतो. संमेलनाला जायचीही गरज नसते. २०१५ साली असं मतापुरतं सभासदत्व चाळीस डॉलरला मिळत होतं.

जिथे मत आहे तिथे प्रचार येणारच. तेव्हा प्रचार करावा की नाही, हा माझा आजचा प्रश्न नाही. प्रचारात वाचकाकडे नेमकं काय मागावं, हा माझा प्रश्न आहे.

आधी मतमोजणी समजून घेऊ, कारण सगळा घोळ तिथेच आहे. मतदान दोन टप्प्यांत होतं. आधी नामांकन. त्यात प्रत्येक सभासदाने प्रत्येक विभागात आपल्याला आवडलेल्या पाचपर्यंत कलाकृती सुचवायच्या. सर्वाधिक सूचना मिळालेल्या पाच अंतिम यादीत जायच्या. २०१६ पर्यंत हीच रीत होती. दुसऱ्या टप्प्यात पसंतीक्रमाने मत द्यायचं. तिथे 'पुरस्कार नाही' हाही एक पर्याय छापलेला असतो आणि तो खरोखर जिंकू शकतो.

आता वर्षभरात प्रसिद्ध होणाऱ्या कथा किती असतात याचा विचार करा. प्रामाणिक वाचकांची पसंती शेकडो कथांवर विखुरते. अशा वेळी दीड-दोनशे जणांनी ठरवून तीच पाच नावं लिहिली, तर विभागातल्या पाचही जागा त्यांच्या होतात. पतसंस्थेच्या निवडणुकीत पॅनेल टू पॅनेल मतदान कसं चालतं हे आपल्यापैकी अनेकांनी जवळून पाहिलं आहे. विखुरलेल्या हजारांना एकवटलेले दोनशे भारी पडतात.

हे २०१५ साली घडलं. त्याआधी दोन वर्षं लॅरी कोरिया या लोकप्रिय लेखकाने 'सॅड पपीज' या नावाने मोहीम चालवली होती. त्यांची तक्रार अशी की, साहसकथा लिहिणारे, भरपूर खपणारे लेखक या पुरस्कारात डावलले जातात आणि विशिष्ट राजकीय विचारांच्या वर्तुळातच पुरस्कार फिरतात. तिसऱ्या वर्षी ब्रॅड टॉर्गरसन यांनी मोहिमेची सूत्रं हाती घेतली. त्याच वेळी थिओडोर बील यांनी 'रॅबिड पपीज' नावाची त्याहून आक्रमक यादी काढली आणि आपल्या पाठीराख्यांना ती जशीच्या तशी भरायला सांगितली. पाच विभागांत पाचही जागा या याद्यांनी, म्हणजे पॅनेलने, घेतल्या.

तक्रार करण्याचा त्यांचा हक्क मी पूर्ण मानतो. आपल्या आवडीचं वाङ्मय दुर्लक्षित राहतं असं वाटणाऱ्याने ते जाहीर बोललंच पाहिजे. 'इतर लोक हेच बंद दाराआड करतात, आम्ही उघडपणे करतो,' असाही युक्तिवाद झाला. तो मला मुळीच पटत नाही. यादी उघड असली तरी ती भरणाऱ्याने त्या कथा वाचल्या का, हा प्रश्न उरतोच. ज्याने वर्षभरात वाचून पाच नावं निवडली आणि ज्याने पाच नावं उतरवून काढली, त्या दोघांच्या मतपत्रिका मोजणीत सारख्या असतात. म्हणूनच दुसऱ्याने पहिल्यावर अन्याय केलेला असतो.

पुढच्याच वर्षी याच मोहिमेने आपली पद्धत बदलली, हे फारसं कोणी लक्षात घेत नाही. २०१६ साली केट पॉल्क यांच्याकडे सूत्रं होती. तेव्हा बऱ्याच विभागांत पाचांऐवजी त्याहून लांब याद्या दिल्या गेल्या. मला हा बदल महत्त्वाचा वाटतो. पाच जागांसाठी पाचच नावं दिली की तो आदेश होतो. दहा नावं दिली की वाचकाला निवडावं लागतं, निवडण्यासाठी वाचावं लागतं.

आता २०१५ च्या निकालाकडे येऊ. वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेन शहरात संमेलन भरलं. अंतिम फेरीत ५,९५० मतं पडली, तोवरच्या कोणत्याही वर्षापेक्षा जास्त. ज्या पाच विभागांत फक्त पॅनेलची नावं होती, त्या पाचही विभागांत 'पुरस्कार नाही' विजयी झालं. सभागृहात टाळ्या झाल्या. त्या टाळ्यांचं मला दुःख होतं. संपादकांच्या विभागात टोनी वाइसकॉफ आणि शीला गिल्बर्ट यांच्यासारख्या, अनेक वर्षं उत्तम काम केलेल्या व्यक्ती होत्या. यादीत नाव कोणी घातलं एवढ्यावरून त्यांना नाकारणाऱ्यांनीही, कामाकडे न पाहता मत देण्याचाच मार्ग धरला. प्रचाराचा राग समजू शकतो. पण न वाचता दिलेलं नकाराचं मत न वाचता दिलेल्या होकाराच्या मताइतकंच अयोग्य आहे.

या सगळ्यात मला मोठी वाटलेली माणसं दोन. मार्को क्लूस यांची कादंबरी आणि ॲनी बेलेट यांची कथा अंतिम यादीत होती. आपलं नाव पॅनेलमधून आलं आहे हे कळल्यावर दोघांनीही यादी जाहीर झाल्यानंतर माघार घेतली. लेखकाला असं नामांकन आयुष्यात एखाद्या वेळी मिळतं, ते सोडणं सोपं नसतं. क्लूस यांच्या रिकाम्या झालेल्या जागी चिनी लेखक लिऊ त्सशिन यांची 'द थ्री-बॉडी प्रॉब्लेम' आली आणि तीच जिंकली. अनुवादित कादंबरीला मिळालेला तो पहिला ह्यूगो. आपल्यासाठी दुसऱ्याने केलेल्या प्रचाराचीही काही जबाबदारी लेखकावर येते, हे या दोघांनी कृतीने दाखवलं.

प्रचारातून नामांकन झाल्याचे प्रसंग आधीही आले होते. १९८७ साली एल. रॉन हबर्ड यांची 'ब्लॅक जेनेसिस' अंतिम यादीत आली, तेव्हा पाठीराख्यांनी एकगठ्ठा नामांकनं केल्याचा आरोप झाला आणि मतदारांनी तिला 'पुरस्कार नाही'च्याही खाली टाकलं. २०१४ साली रॉबर्ट जॉर्डन यांची 'व्हील ऑफ टाइम' ही संपूर्ण मालिका वाचकांनी नियमाचा आधार घेत एकच कादंबरी म्हणून नामांकित केली. त्यासाठी मोहीम झाली होती, पण ती मला गैर वाटत नाही, कारण मत देणारे त्या मालिकेचे वर्षानुवर्षांचे वाचक होते.

२०१५ नंतर नियम बदलले. २०१७ च्या हेलसिंकी संमेलनापासून प्रत्येक विभागात मतदाराचा एक गुण त्याने लिहिलेल्या नावांत वाटला जातो. पाच नावं एकगठ्ठा आली तर तो गुण फुटतो आणि गठ्ठ्याचं बळ घटतं. अंतिम यादीही सहा नावांची झाली. गणित चांगलं आहे, पण पैसे ओतणाऱ्याला ते अडवू शकत नाही. २०२४ साली ग्लासगोच्या संमेलनाने ३,८१३ पैकी ३७७ मतं बनावट ठरवून बाद केली. एकेक अक्षर बदलून रचलेली मतदारांची नावं त्यात सापडली. त्या सभासदत्वांची किंमत किमान १६,९६५ पौंड होत होती. ज्या नामांकिताच्या फायद्यासाठी हे केलं गेलं त्याला याची माहिती असल्याचा पुरावा नव्हता, म्हणून आयोजकांनी त्याचं नाव जाहीर केलं नाही. मला हा संयम फार योग्य वाटला. त्याआधीच्या वर्षी चेंगडूच्या संमेलनात आर. एफ. क्वांग यांच्या 'बेबल'सह काही नावं कारण न सांगता अपात्र ठरवली गेली होती. मतदाराने कितीही नीतीने वागावं, मोजणाऱ्याने ती पाळली नाही तर सगळं वाया जातं, याचा तो कडू अनुभव होता.

आपल्या मराठी विज्ञानकथेची एक हकीकत इथे आठवल्याशिवाय राहत नाही. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत जयंत नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी लिहून काढली. नावाच्या वजनाने निकाल झुकू नये, एवढीच इच्छा. कथा पहिली आली. लोकमताच्या पुरस्कारात लेखकाला असं लपता येत नाही, पुस्तकावर नाव असतंच. म्हणून तिथे नाव बाजूला ठेवण्याचं काम वाचकाला करावं लागतं, आणि प्रचार करणाऱ्याने ते काम त्याला अवघड करून ठेवू नये.

लेखकाने 'या वर्षी माझी ही कथा प्रसिद्ध झाली आहे, ती पात्र आहे' असं सांगण्यात काहीही वावगं नाही. नवख्या, दूरच्या, अनुवादातून येणाऱ्या लेखकाला तर दुसरा मार्गच नसतो. मित्राने 'ही वाच' म्हणणंही चांगलंच. 'हिला मत दे' म्हटलं की मात्र मर्यादा ओलांडली जाते.

वर्ल्डकॉनचं सभासदत्व जगातल्या कोणत्याही वाचकाला घेता येतं, तुम्हालाही. घेतलंत तर अंतिम यादीतल्या बऱ्याच कलाकृती मतदारांना वाचायला पाठवल्या जातात. त्या वाचा, मगच पसंतीक्रम लावा. जो विभाग वाचून झाला नसेल तो कोरा सोडा. नियमांना ते चालतं. त्या विभागात तुमच्या जिवलग मित्राची कथा असली, तरीही तो कोराच सोडा, एवढी माझी विनंती आहे.