मालमोटार आणि फवारणीयंत्र
(औंढा नागनाथ येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



श्रीनागनाथाच्या या पुण्यक्षेत्री चालकाच्या धंद्याविषयी दोन शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली आहे. आपल्या कित्येक घरांतील तरुण मालमोटारीवर आहेत. काही आता ट्रॅक्टरला जोडलेल्या फवारणीयंत्राकडे वळत आहेत. ज्याने दहाचाकी हाकली त्याला शेतातले यंत्र म्हणजे पोरखेळ, असे मालकमंडळी म्हणतात. हे मत मला मान्य नाही.

मालमोटारचालकाचे कौशल्य थोर, यात संशय नाही. सन २०१८ च्या नियमाने दहाचाकी गाडीस भारासह २८.५ टनांपर्यंत मुभा आहे; एवढे ओझे घाटात आवरणे सोपे नव्हे. परंतु तिचा माल दोरखंडाने जखडलेला असतो. टाकीतील द्रावण हिंदकळते, आणि अर्धी टाकी भरल्या टाकीहून अधिक दगा देते. बांधाच्या उतारावर वळताना हे विशेष ध्यानी ठेवावे.

वेगाची गोष्ट तर निराळीच. मालमोटार लवकर पोचली म्हणून माल घटत नाही. येथे वेग हेच माप! दहा मीटर रुंदीचे फवारे मिनिटास ४० लिटर सोडीत असतील, तर ताशी ६ किलोमीटरच्या चालीने एकरी सुमारे १६० लिटर पडतात. चाल ८ केली की १२०. कीड जगते, आणि बोल मात्र दुकानदारास लागतो.

शिवाय वारा. २,४-डी हे तणनाशक उसावर वा ज्वारीवर मारताना वाऱ्याने शेजारच्या कपाशीवर गेले, तर तिची पाने आकसतात. टाकी नीट न धुता तीच कपाशीत नेली तरी तोच परिणाम. मालमोटारीचा अपघात तत्क्षणी दिसतो. हा काही दिवसांनी, दुसऱ्याच्या रानात, आणि भाऊबंदकीचे मूळ होऊन.

सन २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी व मजूर दगावले. त्यांतील बहुतेकांच्या पाठीवर पंप होता, हे खरे. पण उघड्या ट्रॅक्टरवर बसणाऱ्यालाही वारा पाठीमागून विष आणून देतोच. म्हणून माताभगिनींना विनंती, की चालकाचे कपडे घरच्या कपड्यांत न मिसळता वेगळे धुवावेत, आणि हातमोजे घालूनच धुवावेत.

मालकांना एवढेच सांगणे, की नव्या चालकास पहिला दिवस नुसत्या पाण्यावर यंत्र चालवू द्यावे, एकरी किती लिटर पडले ते मोजावे, आणि त्या दिवसाची मजुरी कापू नये.