दंड कोणी द्यावा, क्षमा कोणी करावी?

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत इंदूर येथे दिलेले भाषण)



आपल्या न्यासाच्या सुवर्णमहोत्सवात मला बोलावयास पाचारण केलेत, याबद्दल मी कार्यकारी मंडळाचा आभारी आहे. विषय माझ्यावरच सोपविला होता. मी हॉकी निवडल्याचे कळताच चिटणीसांनी जरा चमकून पाहिले; पण महूच्या शंकर लक्ष्मणांचे नाव ज्या भागात अजून आदराने घेतले जाते, तेथे हॉकीवर बोलण्यास संकोच कशाला? १९५६, १९६० आणि १९६४ अशा तीन ऑलिंपिक सामन्यांत त्यांनी भारताचा गोल राखला. मात्र आजची माझी हॉकी ती नव्हे. ती आहे कॅनडा आणि अमेरिकेतील धंदेवाईक हॉकी, बर्फावर खेळली जाणारी. आणि खरे सांगावयाचे तर विषय हॉकी हाही नव्हे. एका माणसाने दुसऱ्याला जबर दुखापत केली, तर त्याला शिक्षा किती व्हावी, ती कोणी द्यावी, आणि त्याला क्षमा करण्याचा अधिकार कोणाचा, हा तो विषय आहे. आपल्यापैकी जे कधी पंच म्हणून बसले आहेत, मग ते भाऊबंदकीत असो की शाळेच्या अंगणात, त्यांना हा प्रश्न नवा नाही.

प्रथम खेळाची थोडी ओळख. सुमारे दोनशे फूट लांबीचे बर्फाचे अंगण, भोवती कठडा, पायांत पोलादी पात्यांचे बूट, हातात स्टिक, आणि चेंडूऐवजी रबराची चपटी चकती. अंगावर जाऊन प्रतिस्पर्ध्यास धडक देणे हे येथे नियमात बसते. मुष्टियुद्ध नियमात बसत नाही, तरी नॅशनल हॉकी लीग या तेथील मुख्य संघटनेत त्याची ठरलेली शिक्षा म्हणजे पाच मिनिटे बाकड्यावर बसणे. ऑलिंपिकमध्ये त्याच कृत्याला सामन्याबाहेर काढतात. म्हणजे एकच गुन्हा, एका अंगणात पाच मिनिटांचा आणि दुसऱ्यात पुऱ्या सामन्याचा. ही लीग १९१७ साली स्थापन झाली आणि तेव्हापासून तिच्यात लिहिलेल्या नियमांच्या शेजारी एक न लिहिलेला नियमही नांदत आला आहे: आमच्या माणसाला कोणी दुखावले, तर आमच्यातला एखादा त्याची फेड करील. त्यासाठी संघ खास दांडगे गडी पदरी बाळगीत. जुन्या संस्थानिकांच्या पदरी पहिलवान असत, तसेच म्हणा ना!

१२ डिसेंबर १९३३ रोजी बॉस्टन येथे एडी शोर या बॉस्टनच्या गाजलेल्या खेळाडूने टोरांटोच्या एस बेलीला मागून धडक दिली. शोरला नुकतेच दुसऱ्याच कोणी पाडले होते, आणि तो बेलीच असे समजून त्याने राग काढला, असे सांगतात. बेलीचे डोके बर्फावर आदळले, कवटी फुटली. मेंदूवर शस्त्रक्रिया कराव्या लागल्या आणि काही दिवस तो जगतो की नाही अशी अवस्था होती. तो जगला, पण पुन्हा खेळला नाही. लीगने शोरला सोळा सामन्यांची बंदी केली. त्या काळी एका मोसमात अठ्ठेचाळीस सामने होत, तेव्हा हा तिसरा हिस्सा झाला.

पुढे जे झाले ते मला अधिक मोलाचे वाटते. १४ फेब्रुवारी १९३४ रोजी टोरांटो येथे बेलीच्या मदतीसाठी एक सामना ठेवण्यात आला. एका बाजूस टोरांटोचा संघ, दुसऱ्या बाजूस इतर सर्व संघांतले निवडक खेळाडू, आणि त्यांत शोरही. सामन्यापूर्वी बेली स्वतः बर्फावर आला. शोर पुढे झाला तेव्हा बेलीने त्याचा हात हातात घेतला, आणि हजारो प्रेक्षकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. वीस हजार डॉलरांहून अधिक रक्कम जमली. आपल्यासारख्या धर्मादाय संस्थेच्या सभासदांनी ध्यानात घ्यावे असे यात पुष्कळ आहे. दंड लीगने दिला, भरपाई समाजाने गोळा केली, आणि क्षमा बेलीने केली. तीन कामे तीन निरनिराळ्या हातांनी झाली. कोणी दुसऱ्याच्या कामात हात घातला नाही.

मॉरीस रिशारची हकीकत थोडक्यात सांगतो. माँट्रियलच्या फ्रेंच भाषिकांचा हा लाडका वीर. १३ मार्च १९५५ रोजी बॉस्टनच्या हॅल लेकोची स्टिक त्याच्या डोक्याला लागली. चिडून त्याने लेकोवर स्टिकने वार केले आणि आवरावयास आलेल्या पंचालाही ठोसे दिले. लीगचे अध्यक्ष क्लॅरेन्स कँबेल यांनी त्या मोसमाचे उरलेले सर्व सामने आणि अंतिम फेऱ्या यांतून त्याला बाद केले. माँट्रियलच्या लोकांना हा फ्रेंचांवर इंग्रजांनी केलेला अन्याय वाटला. १७ मार्चला कँबेल स्वतः सामन्यास आले, तेव्हा अंगावर अंडी-टोमॅटो पडले, अश्रुधुराचे नळकांडे फुटले, सामना सोडून द्यावा लागला आणि रस्त्यांवर रात्रभर दुकाने फुटली. दुसऱ्या दिवशी रिशारने नभोवाणीवरून लोकांना शांत राहण्याची विनंती केली आणि आपली शिक्षा आपण भोगू असे सांगितले. त्या वर्षी सर्वाधिक गुणांचा मान त्याच्या हातून एका गुणाने निसटला. तो मान त्याला पुढेही कधी लाभला नाही. ज्याला शिक्षा झाली त्याने ती मान्य केली, हे पाहून दंगल विझली. जमाव न्यायाधीश होऊ पाहतो, तेव्हा त्याला आवरण्याचे सामर्थ्य पुष्कळदा अपराध्याच्याच अंगी असते.

आता दोन अलीकडच्या घटना. त्या एकमेकींशेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत.

२१ फेब्रुवारी २००० रोजी व्हँकूव्हर येथे बॉस्टनच्या मार्टी मॅकसॉर्लीने डोनाल्ड ब्रॅशियरच्या डोक्यावर स्टिक मारली. दोघेही पदरी बाळगलेल्या पहिलवानांपैकीच. आधी त्यांची झुंज झाली होती आणि ब्रॅशियर सरस ठरला होता. सामना संपावयास काही क्षण उरले असताना हा वार झाला. ब्रॅशियर पाठीवर पडला, डोके आपटले, बेशुद्ध झाला. सरकारने खटला भरला. वार खांद्यावर करावयाचा होता हा बचाव न्यायाधीशांनी मानला नाही. मॅकसॉर्ली दोषी ठरला आणि त्याची सशर्त सुटका झाली: अठरा महिने देखरेख, आणि त्या अवधीत ब्रॅशियरविरुद्ध खेळावयाचे नाही. लीगने त्याच्यावर आधी मोसमभराची आणि मग पुऱ्या वर्षाची बंदी घातली. मॅकसॉर्ली छत्तिशीत होता. तो त्या लीगमध्ये पुन्हा खेळला नाही. ब्रॅशियर बरा होऊन त्याच मोसमात परतला, आणि पुढे अनेक वर्षे खेळला.

दुसरी घटना त्याच शहरातली, ८ मार्च २००४ ची. तीन आठवड्यांपूर्वी कोलोराडोच्या स्टीव्ह मूरने व्हँकूव्हरचा कप्तान मार्कस नॅस्लंड याला धडक दिली होती. पंचांनी ती दंडनीय ठरविली नाही, लीगनेही नाही. तरी बदल्याची भाषा वर्तमानपत्रांत उघड उमटली. ८ मार्चच्या सामन्यात पहिल्याच भागात व्हँकूव्हरच्या मॅट कुकने मूरशी मारामारी केली. न लिहिलेल्या नियमाप्रमाणेही हिशेब येथे मिटला होता. पण तिसऱ्या भागात, कोलोराडो आठ विरुद्ध दोन अशी आघाडीवर असताना, टॉड बर्टुझीने मूरचा अंगरखा मागून धरला, डोक्याच्या बाजूला ठोसा लगावला आणि त्याला तोंडघशी बर्फावर दाबून स्वतः वर पडला. मूरच्या मानेचे तीन मणके मोडले. हार्वर्ड विद्यापीठाचा हा पंचवीस वर्षांचा पदवीधर पुन्हा कधी खेळला नाही.

लीगने बर्टुझीवर बेमुदत बंदी घातली. प्रत्यक्षात त्याचे वीस सामने बुडाले: मोसमातले तेरा आणि अंतिम फेऱ्यांतले सात. पगारापैकी सुमारे पाच लाख डॉलर गेले. पुढचा सबंध मोसम मालक आणि खेळाडू यांच्या तंट्यामुळे कोणासाठीच झाला नाही. ऑगस्ट २००५ मध्ये लीगने बंदी उठविली. त्याचे बुडालेले उत्पन्न आणि झालेला मनस्ताप ही कारणे विचारात घेतली. २००६ साली तो कॅनडातर्फे ऑलिंपिक खेळला.

आता पाहा. ज्याने मारलेला माणूस बरा झाला, तो खेळातून गेला; आणि ज्याने मारलेला माणूस उठलाच नाही, तो परत आला. एकाचा उपयोग संपत आला होता आणि दुसरा ऐन भरात होता, म्हणून असे झाले काय, असा संशय कोणी घेतला तर त्याला दोष कसा द्यावा?

काही जणांनी त्या वेळी सुचविले की, मूर जोवर खेळू शकत नाही तोवर बर्टुझीनेही खेळू नये. हे ऐकावयास न्याय्य वाटते. मला मान्य नाही. मणका मोडला की वाचला हे पुष्कळसे दैवावर अवलंबून असते. शिक्षा दैवावर टांगली तर जो नशीबवान त्याला सूट मिळते. वर्गात एका मुलाने फेकलेला दगड भिंतीला लागतो, दुसऱ्याचा डोळ्याला. दगड मारणे दोघांचेही सारखेच. माप कृत्याचे घ्यावे: वार मागून होता काय, समोरचा बेसावध होता काय, राग क्षणाचा की आठवडाभर जपलेला? या मापाने मॅकसॉर्ली आणि बर्टुझी यांच्यात फारसे अंतर नाही, आणि दोघांनाही पुऱ्या एका मोसमाची, प्रत्यक्ष खेळल्या गेलेल्या सामन्यांची शिक्षा व्हावयास हवी होती. जो मोसम झालाच नाही तो शिक्षेत कसा मोजावयाचा? आणि दैवाने जे अंतर पाडले, ते भरपाईत मोजावे. बंदीमुळे बुडालेला पगार त्या लीगमध्ये खेळाडूंच्या साहाय्य-निधीत जातो. निधी चांगलाच, पण त्यावर पहिला हक्क जखमी माणसाचा असावयास हवा.

राहता राहिली क्षमा. १० मार्च २००४ रोजी बर्टुझीने पत्रकारांसमोर रडत माफी मागितली. त्याचे अश्रू खोटे होते असे मी म्हणणार नाही. पण मूर तेव्हा रुग्णालयात होता, आणि ‘आता झाले गेले विसरा’ असे म्हणणारे बहुतेक सारे मूर नव्हते. आमच्या शास्त्रात हक्क-उल-इबाद म्हणून एक कल्पना आहे, म्हणजे माणसाचे माणसाकडे असलेले देणे. ते देणे ज्याचे त्याने सोडल्याशिवाय सुटत नाही. परमेश्वरही दुसऱ्याच्या वतीने ते माफ करीत नाही, अशी शिकवण आहे. काझी न्याय देईल, भरपाई ठरवील. क्षमा मात्र ज्याला लागले त्याची. मग लीगच्या अध्यक्षाने किंवा प्रेक्षकांनी ती का वाटावी? शाळांतून पुष्कळदा दोन मुलांना घंटा व्हायच्या आत हात मिळवावयास लावतात. मारणाऱ्याला ते सोपे जाते. मार खाल्लेल्या मुलाला त्याच दिवशी दुसऱ्यांदा काहीतरी सोसावे लागते. बेलीने हात मिळविला तो दोन महिन्यांनी, स्वतः चालत येऊन. शिक्षा झाली होती म्हणून त्याची क्षमा अडली नाही. उलट शिक्षा आधी होऊन गेल्यामुळेच ती मोकळ्या मनाने करता आली, असे मला वाटते. आणि मूरने ती केली नसती तरी त्यात त्याचा यत्किंचितही दोष नव्हता.

मूरने दिवाणी दावा लावला. तो आठ-नऊ वर्षे चालला आणि ऑगस्ट २०१४ मध्ये, सुनावणी तोंडावर आली असताना, आपसांत मिटला. रक्कम जाहीर झाली नाही. त्याच वर्षीच्या मोसमानंतर बर्टुझीची लीगमधील कारकीर्दही संपली.

फौजदारी खटला त्याआधीच, डिसेंबर २००४ मध्ये, निकाली निघाला होता. बर्टुझीने गुन्हा कबूल केला. त्यालाही सशर्त सुटका मिळाली: एक वर्ष देखरेख, ऐंशी तास समाजसेवा, आणि आणखी एक अट अशी की, ज्या सामन्यात स्टीव्ह मूर खेळत असेल त्यात त्याने उतरू नये. ती अट पाळण्याचा प्रसंग बर्टुझीवर कधीच आला नाही.