मृतांसाठीची वर्गणी



कामगार संघटनेत आयुष्य घालवलेल्या माणसाने मरणोत्तर गतीवर बोलायला उभे राहावे, याचे काहींना नवल वाटेल. आम्ही या विषयाकडे धर्मशास्त्राच्या दारातून आलो नाही. युरोपातील जुन्या कारागीर संघांचे हिशेब कसे चालत, हे वाचताना वर्गणीतून मेणबत्त्या आणि मिस्सा यांवर होणारा खर्च दिसला, आणि तो कशासाठी, या शोधात इथवर आलो.

मेलेले उठतील आणि सर्वांचा न्याय होईल, यावर ख्रिस्ती धर्माचे मुख्य पंथ एकमताने विश्वास ठेवतात. वाद आहे तो मधल्या काळाचा. माणूस आज गेला; न्यायाचा दिवस कधी उगवेल ते कोणालाच ठाऊक नाही. तोवर आत्मा कुठे असतो?

या प्रश्नाने खुद्द पोपलाही पेचात टाकले. त्या काळी पोपची गादी फ्रान्सकडच्या आव्हिन्यों शहरात होती. १३३१ साली वृद्ध पोप बाविसावे जॉन यांनी तेथे प्रवचनांतून सांगितले की, पुण्यवानांच्या आत्म्यांनाही ईश्वराचे पूर्ण दर्शन अंतिम न्यायाच्या आधी घडत नाही. आमच्या भाषेत सांगायचे तर काम पुरे झाले, पण पगार मात्र शेवटच्या दिवशी, सगळ्यांना एकदम! पॅरिसचे धर्मपंडित खवळले, फ्रान्सचा राजा सहावा फिलिपही विरोधात गेला. संत जर अजून ईश्वरासमोर पोचलेच नाहीत, तर आपण त्यांना साकडे घालतो ते कशाच्या जोरावर? अखेर १३३४ च्या डिसेंबरात मृत्युशय्येवर जॉन यांनी ते मत मागे घेतले. त्यांच्या जागी आलेल्या बाराव्या बेनेडिक्टनी १३३६ साली निर्णय दिला: शुद्ध आत्म्याला दर्शन लगेच, ज्याची शुद्धी बाकी असेल, त्याला ती झाल्यावर.

ही ‘बाकी’ फेडण्याची अवस्था म्हणजे पर्गेटरी, शुद्धिस्थान. पूर्वेकडील ग्रीक चर्च मृतांसाठी प्रार्थना पूर्वापार करीत आले आहे. पण शुद्धीची आग त्याला मान्य नव्हती. १४३९ साली फ्लॉरेन्सच्या परिषदेत ऐक्याचा करार झाला, तेव्हा एफेससचे मार्क यांनी त्यावर सही केली नाही.

आता ती वर्गणी. शुद्धिस्थानातल्या आत्म्याला जिवंतांच्या प्रार्थनेने साहाय्य होते, अशी श्रद्धा. श्रीमंत माणूस मृत्युपत्रात जमीन ठेवी आणि तिच्या उत्पन्नावर एक धर्मगुरू त्याच्या आत्म्यासाठी कायम मिस्सा म्हणे. विणकराने, चांभाराने काय करावे? त्यांचे संघ वर्गणी काढीत. सभासद वारला की बाकीचे अंत्ययात्रेला जात आणि त्याच्या नावाने मिस्सा होई. एकट्याला जे झेपत नाही ते दहांनी मिळून करायचे, ही आमची सारी विद्या त्या लोकांना परलोकाच्या कामीही वापरता आली. याचे आम्हाला मोठे कौतुक वाटते.

पण जिथे फंड असतो तिथे त्यावर डोळा ठेवणाराही असतो. रोममधील सेंट पीटरच्या मंदिरासाठी जर्मनीत क्षमापत्रे विकली जाऊ लागली. योहान टेट्झेल हा त्यातला नामांकित विक्रेता. निम्मा पैसा रोमला जाई आणि निम्म्यातून आर्चबिशप आल्ब्रेख्ट यांचे फुगर सावकारांकडले कर्ज फिटे! १५१७ साली मार्टिन ल्यूथरने ९५ मुद्दे मांडले, त्यांत सामान्य लोकांच्या तोंडचा म्हणून एक प्रश्न आहे: पोपला जर आत्मे सोडवता येतात, तर पैशासाठी थोडे सोडवण्यापेक्षा ते प्रेमापोटी सगळेच का सोडवीत नाहीत? आम्हाला सर्व मुद्द्यांत हा खणखणीत वाटतो. त्या वेळी ल्यूथरने शुद्धिस्थान नाकारले नव्हते. १५३० साली ते स्पष्ट नाकारले. पुढे सुधारकांतही फाटे फुटले. ल्यूथर मृत्यूला वारंवार झोप म्हणे. काल्व्हिनने मात्र आत्मा झोपत नाही, असे प्रतिपादणारा ग्रंथ १५३४ मध्ये लिहिला.

याचा फटका कारागिरांना बसला तो इंग्लंडात. १५४७ च्या कायद्याने मृतांसाठीच्या मिस्सांची उत्पन्ने सरकारजमा झाली. संघांनी आपल्या मृतांसाठी राखलेला वाटाही गेला. अंधश्रद्धा मोडायची म्हणून कायदा, आणि पैसा राजाच्या तिजोरीत! क्षमापत्रांचा बाजार उठला ते योग्यच झाले. पण गरिबांच्या वर्गणीला तोच न्याय लावणे आम्हाला पटत नाही. पै-पैशाने जमलेला तो फंड विक्रीचा माल नव्हता. कॅथॉलिक चर्चने १५६३ साली ट्रेंट येथे शुद्धिस्थानाची शिकवण कायम राखली, आणि पैसे घेऊन क्षमापत्रे देण्याचा प्रकार १५६७ मध्ये पाचव्या पायस यांनी बंद केला.

हा भेद आपल्याकडेही आहे. अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर भागात रुजवलेल्या परंपरेत अंत्यविधीची प्रार्थना असते ती मागे राहिलेल्यांना धीर मिळावा म्हणून; मृताची गती प्रभूच्या हाती, तिथे वर्गणीचा उपाय नाही. वसईच्या कॅथॉलिक दफनभूमीत २ नोव्हेंबरला थडग्यांवर फुले वाहून मेणबत्त्या लावतात, त्या गेलेल्यांसाठी. मुंबईत गोव्याच्या खलाशांनी गावागावांचे ‘कूड’ काढले. बोटीच्या नोकरीची वाट पाहणारा माणूस तिथे स्वस्तात राही आणि संध्याकाळी वेदीपुढे सगळे मिळून जपमाळ म्हणत. त्या माणसांना संघटना म्हणजे काय, हे आम्ही शिकवायला जाण्याची गरजच नव्हती.