गळणारे छत आणि मोडलेली ठेव



आज बोलायचे आहे बचतीबद्दल, पण सुरुवात करू घराच्या छतापासून. बँकेत काउंटरवर बसत असताना मुदतीआधी ठेव मोडायला आलेल्या खातेदाराला मी कारण विचारत असे. आजारपण, लग्न, मुलांची फी ही कारणे असायचीच. पावसाळा सुरू झाला की आणखी एक कारण ऐकू यायचे, "घर गळतंय हो साहेब, गवंडी पैसे मागतोय."

आजारपण सांगून येत नाही. घर मात्र सांगून गळते. आदल्या वर्षी छताला ओल दिसते, रंगाचे पोपडे सुटतात, भिंतीला लोणा लागतो. आपण म्हणतो, बघू पुढे. आणि पुढे ऐन पावसात, गवंडी सांगेल त्या भावाने, मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली रक्कम मोडून ते काम करावे लागते. हे टाळता येते. कसे, ते सांगतो.

आधी पाणी, मग रंग

माझीच चूक आधी सांगतो. एका दिवाळीला मी ओल आलेल्या भिंतीला पुट्टी आणि महागडा रंग लावून घेतला. पुढच्या श्रावणात भिंत पुन्हा तशीच. पाणी वरून येत होते आणि मी पैसे खाली लावले होते. दुरुस्तीचा खर्च दोनदा झाला.

म्हणून कामाचा क्रम लक्षात ठेवा. आधी छत आणि गच्ची, मग नळ आणि सांडपाण्याचे पाइप, मग वायरिंग, त्यानंतर प्लास्टर आणि सगळ्यात शेवटी रंग. भिंत पूर्ण वाळल्याशिवाय रंगाला हात लावू नका.

गळती शोधताना पुढील गोष्टी स्वतः बघा. गच्चीचे पाणी जाण्याचे तोंड पाला-मातीने बुजले आहे का? गच्ची आणि कठडा मिळतात त्या सांध्यात फट आहे का? पाऊस थांबल्यावरही कुठे डबके राहते का? पुष्कळदा गळतीचे मूळ इथेच असते, आणि अशी किरकोळ कामे लवकर केली तर थोडक्यात भागतात. बाथरूमच्या मागची भिंत उन्हाळ्यातही ओली असेल, तर दोष पावसाचा नाही, पाइपचा किंवा फरशीच्या सांध्यांचा आहे. ठिबकणाऱ्या नळाखाली रात्री बादली ठेवा. सकाळी किती पाणी वाया गेले ते डोळ्यांनी दिसेल. बऱ्याचदा नुसते वायसर बदलून काम होते.

भिंतीला तडा दिसला, तर त्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा. दोन-तीन महिन्यांनी तडा खुणेपुढे गेला असेल, तर इंजिनिअरला दाखवा. स्लॅबचे तुकडे पडत असतील किंवा आतली गंजलेली सळई दिसत असेल, तर वाट पाहू नका. तिथे वरवरचे प्लास्टर म्हणजे फसवणूक आहे, आणि तिथे पैसे वाचवण्याचा विचारही करू नका. विजेचे कामही अधिकृत वायरमनकडूनच करून घ्या.

फ्लॅटमध्ये राहत असाल, तर आधी सोसायटीला लेखी कळवा आणि पोच घ्या. महाराष्ट्रातील आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची गळती आणि बाहेरच्या सामायिक पाइपांची गळती दुरुस्त करणे ही सोसायटीची जबाबदारी आहे. इतर राज्यांत आपल्या सोसायटीचे नियम पाहून घ्या. स्वतःचे पैसे घालण्याआधी हे विचारायला काही खर्च येत नाही.

घरासाठी वेगळे आवर्ती खाते

आता पैशाचे बघू. घर दुरुस्तीला निघणार हे नक्की असेल, तर त्यासाठीची बचतही आधीपासून हवी. त्यासाठी आवर्ती ठेव, म्हणजे आरडी, सोयीची. पोस्टात दरमहा १०० रुपयांपासून पाच वर्षांचे आरडी खाते उघडता येते. बँकेत मुदत आपल्या सोयीने निवडता येते.

समजा, तुम्ही दरमहा १,००० रुपये तीन वर्षे भरले. भरणा झाला ३६,०००. व्याजदर ७ टक्के धरला, तर हाती सुमारे ४०,००० येतात. आता हेच ४०,००० रुपये घाईत उसने काढले तर काय होते? महिना ३ टक्के दराने १२ हप्त्यांत फेडले, तर हप्ता सुमारे ४,०२० रुपये बसतो आणि वर्षाला ८,२०० रुपयांच्या आसपास व्याज जाते. एकीकडे चार हजार मिळाले, दुसरीकडे आठ हजार गेले. काम तेच.

आरडीची मुदत अशी निवडा की रक्कम पावसाच्या दोन-तीन महिने आधी हाती येईल. मुंबई, इंदूर, बडोदा इकडे पावसाळा जूनमध्ये येतो, म्हणून गच्चीचे काम मार्च-एप्रिलमध्ये. तंजावर-चेन्नईकडे मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर पडतो, तिथे त्याआधी काम उरका. सिमेंटच्या कामाला निदान सात दिवस पाणी मारावे लागते. पाऊस डोक्यावर आल्यावर ते नीट होत नाही.

बचत कमी पडली तर

ठेव मोडण्याआधी बँकेत एक प्रश्न विचारा, "या ठेवीवर कर्ज मिळेल का?" साधारणपणे ठेवीच्या व्याजापेक्षा एक-दोन टक्के जास्त दराने ते मिळते आणि ठेव चालू राहते. ठेवीला ७ टक्के आणि कर्जाला ८ टक्के धरले, तर ४०,००० रुपये १२ हप्त्यांत फेडताना सुमारे १,७५० रुपये व्याज होते. पोस्टाच्या आरडीतही १२ हप्ते भरल्यावर जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज घेता येते.

मोबाइलवर "दोन मिनिटांत कर्ज" दिसले, तर थांबा. कर्ज देणारी बँक किंवा वित्तसंस्था रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली आहे का ते पाहा. सर्व आकार धरून वर्षाचा दर किती पडतो, हे सांगणारे मुख्य तथ्य विवरणपत्र मागा. कर्ज मंजूर करण्यासाठी कोणी आधी पैसे भरायला सांगितले, तर भरू नका. फसवणूक झालीच, तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर तक्रार करा.

कारागिराशी व्यवहार

निदान दोघांकडून लेखी अंदाज घ्या. त्यात मोजमाप चौरस फुटांत, साहित्याचे नाव, किती हात द्यायचे, मजुरी किती आणि काम किती दिवसांत होणार हे सगळे हवे. "एकूण अमुक हजार" एवढ्यावर होकार देऊ नका. सर्वांत कमी आकडा पाहून भुलू नका, त्यात काय धरलेले नाही ते विचारा.

शक्य असेल तर साहित्य स्वतः आणा आणि पक्के बिल घ्या. सिमेंटच्या पोत्यावर भरल्याचा आठवडा किंवा महिना आणि वर्ष छापलेले असते. तीन महिन्यांहून जुने पोते घेऊ नका, साठवणीत सिमेंटचा जोर कमी होतो.

पैसे टप्प्याने द्या. सुरुवातीला चौथ्या हिश्श्याहून जास्त नको. पुढचे पैसे जेवढे काम झाले तेवढेच. शेवटचा दहावा हिस्सा चाचणी होईपर्यंत हातात ठेवा, आणि हे काम सुरू होण्याआधीच कारागिराला सांगा. चाचणी सोपी आहे. पाणी जाण्याचे तोंड बंद करून गच्चीवर दोन इंच पाणी दोन दिवस साठवायचे आणि खाली ओल येते का ते बघायचे. स्लॅब जुना किंवा कमकुवत असेल, तर मात्र इंजिनिअरला विचारल्याशिवाय असे पाणी साठवू नका. पैसे खात्यातून किंवा यूपीआयने द्या, म्हणजे नोंद राहते. आणि चाचणी ठीक निघाली, तर उरलेले पैसे त्याच दिवशी द्या. हातावर पोट असलेल्या माणसाला खेपा घालायला लावू नका. असा कारागीर पुढच्या वेळी एका फोनवर येतो.

मंडळी, आज घरी गेल्यावर एवढेच करा. वही घ्या, घरभर फिरा, जिथे ओल, तडा, ठिबक दिसेल ते तारखेसह लिहा. कोणते काम या वर्षी आणि कोणते पुढच्या, ते घरातल्या सर्वांनी मिळून ठरवा. मग त्या हिशेबाने आरडी उघडा. मुलीच्या शिक्षणाची ठेव मुलीच्या शिक्षणालाच लागू द्या. छताचे पैसे छताने आधीच साठवलेले असू द्यात.