उमेदवारी कोणास परवडते?



अमेरिकेतील नभोवाणीवर उमेदवारी करणाऱ्या मुलांची चर्चा आपणांपुढे कशाला, असे पुष्कळांना वाटेल. परंतु उमेदवारीचा प्रश्न हा पोटाचा प्रश्न आहे. आणि ज्याच्या पोटाची सोय नाही, त्याचा आवाज नभोवाणीपर्यंत पोहोचत नाही.

१९६७ साली अमेरिकेच्या अनेक शहरांत दंगली उसळल्या. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी नेमलेल्या कर्नर आयोगाने १९६८ च्या अहवालात वृत्तपत्रे व नभोवाणी यांनाही दोष दिला. वृत्तव्यवसायातील संपादकीय जागांवर काळे लोक शेकडा ५ हूनही कमी होते. सबब, देशाची हकीकत गोऱ्यांच्या दृष्टीनेच सांगितली जात होती.

पुढे काही पालट झाला. एन.पी.आर. या सार्वजनिक नभोवाणीने २०१६ साली 'कोड स्विच' नावाचा वंशविषयक पॉडकास्ट सुरू केला. पॉडकास्ट म्हणजे श्रोत्याने आपल्या सवडीने ऐकावयाचा ध्वनिमुद्रित कार्यक्रम. घरी एक बोली आणि कचेरीत दुसरी, असे भाषा पालटणे म्हणजे 'कोड स्विच'. चित्रपटांत व गाण्यांत वर्णभेद कसा दडून बसतो, हेही तेथे तपासले जाते. २०२० साली अ‍ॅपलने त्यास वर्षातील श्रेष्ठ पॉडकास्ट ठरविले.

अशा ठिकाणी उमेदवार काय करतो? मुलाखती उतरवितो, जुनी ध्वनिमुद्रणे धुंडाळतो, पाहुणे सुचवितो, प्रत्येक नाव व सन पडताळतो. वरकरणी हे किरकोळ काम. परंतु कोणास बोलवावे, याची पहिली सूचना पुष्कळदा याच मेजावरून निघते. उद्याचे संपादकही येथेच घडतात.

आता कायद्याकडे वळू. एन.पी.आर. उमेदवारांना वेतन देते. सर्वच संस्था देतात असे नाही. १९४७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेच्या शिकाऊ उमेदवारांविषयी निर्णय दिला, की ज्यांच्या शिकण्यापासून मालकास तात्काळ लाभ नाही, ते नोकर नव्हेत. पुढे 'ब्लॅक स्वान' या चित्रपटासाठी बिनपगारी राबलेल्या दोघांनी दावा लावला. २०१३ साली जिल्हा न्यायालयाने त्यांना नोकर ठरविले. २०१५ साली अपील न्यायालयाने तो निर्णय रद्द करून निराळी कसोटी घातली : उमेदवारीचा मुख्य लाभ कोणास? २०१८ साली मजूर खात्यानेही ती स्वीकारली.

माझ्या मते ही कसोटी अपुरी आहे. ती मालक व उमेदवार या दोघांचा लाभ तोलते. परंतु खोलीचे भाडे झेपणार नाही म्हणून ज्याने अर्जच केला नाही, त्याचे काय? तो वादी होऊ शकत नाही, कारण तो दाराच्या आत गेलेलाच नाही. कर्नर आयोगाने दाखविलेली उणीव अशा रीतीने, कोणताही नियम न मोडता, कायम राहू शकते.

संस्थांपाशी पैसा नाही, असे उत्तर मिळेल. अडचण खरी आहे. २०२५ साली अमेरिकन काँग्रेसने सार्वजनिक प्रक्षेपणास मंजूर केलेले सुमारे १.१ अब्ज डॉलर परत घेतले. तथापि टंचाईचा पहिला भार सर्वांत दुबळ्याच्या खांद्यावर टाकणे, हा न्याय नव्हे.

म्हणून आपल्या मुलामुलींना उमेदवारीस अवश्य पाठवा. मात्र त्याआधी तीन प्रश्न विचारा : वेतन किती, तास किती, आणि शिकविणार कोण? उत्तरे लेखी घ्या. काम शिकणे हा मान आहे. फुकट राबणे हा मान नव्हे.