वासोट्याची वाट

सांगली आणि सातारा हे शेजारचे जिल्हे. पण आटपाडी-जतकडच्या पोराला कोयनेचं खोरं हा परमुलूखच वाटतो. आमच्या महाविद्यालयातल्या चौदा विद्यार्थ्यांना घेऊन मी एका जानेवारीत वासोट्याला गेलो, तेव्हा हे ध्यानात आलं.

साताऱ्याहून कासचं पठार ओलांडून बामणोलीला उतरायचं. पुढं रस्ता संपतो आणि शिवसागर जलाशय सुरू होतो. हे कोयना धरणाचं पाणी. पलीकडचं रान अभयारण्याचं, २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पातलं. तिथं मुक्कामाला परवानगी नाही. म्हणून आम्ही अलीकडच्या काठावर एका शेतात राहुट्या ठोकल्या. रात्री थंडी अशी की, पोरं शेकोटी सोडीनात. चुलीवर पिठलं झालं, सोबतीला घरून बांधून आणलेल्या भाकऱ्या. त्या दोन दिवसांच्या होत्या, पण तक्रार कुणी केली नाही.

सकाळी लाँचनं दीड तास पाण्यातून गेलो. मेट इंदवलीला वनखात्याची चौकी आहे. तिथं नोंद करून चढ सुरू होतो. झाडी इतकी दाट की, ऊन जमिनीला लागत नाही. आमच्या माणदेशी पोरांनी एवढी सावली एका ठिकाणी कधी पाहिली नव्हती. व्याघ्रगड हे किल्ल्याचं दुसरं नाव. पेशव्यांनी दोन इंग्रज अधिकारी इथं कैदेत ठेवले होते. १८१८ साली इंग्रजांनी तोफा लावून किल्ला घेतला. ही माहिती मी चालता चालता सांगत होतो, आणि तीच चूक झाली. ऐकणारी चार पोरं माझ्याबरोबर पुढं, बाकीची मागं. शिक्षक मित्रांनो, डोंगरात आपली जागा सर्वांत शेवटी असते. पुढं वाटाड्या असतोच.

अर्ध्या चढावर मोजदाद केली, तर तेराच भरले.

तो अर्धा तास मी विसरणार नाही. वाट एकच होती, पण रान वाघाचं म्हणवणारं. हाका मारीत खाली आलो. आटपाडीचा एक मुलगा वळणावर दगडाला टेकून बसला होता. पायात गोळे आलेले, ओठ सुकलेले. आणि शेजारी पाण्याची बाटली गळ्यापर्यंत भरलेली!

"अरे, प्यायला का नाहीस?"

"वर पाणी मिळंल का न्हाय, म्हणून राखून ठिवलं, सर."

दुष्काळी मुलखाची ही सवय. रागावणार कुणावर? मीठ-साखरेचं पाणी घोटघोट पाजलं, पोटऱ्या चोळल्या. बाकीच्यांना वाटाड्याबरोबर वर धाडलं. नंतर आम्ही दोघं सावकाश दरवाजाजवळच्या मारुतीपर्यंत पोचलो. पण लाँच वेळेवर गाठायची म्हणून तिथूनच फिरलो. त्यामुळं कोकणात तुटलेला तो प्रसिद्ध बाबूकडा मी अजून पाहिलेला नाही. पोरं मात्र आठवडाभर त्याच्याबद्दलच बोलत होती.

परतताना लाँचवाल्यानं मध्येच हात करून पाणी दाखवलं. "हितं खाली आमच्या आज्याची भाताची खाचरं." साठ वर्षांपूर्वी धरण झालं आणि खोऱ्यातली गावं उठली. कुणी लांब गेलं, कुणी वर सरकलं. मी मुलांना सांगितलं की, यातलं बरंचसं पाणी बोगद्यातून पश्चिमेला पोफळीकडे जातं, तिथं वीज होते. उरलेलं कोयनेतून कऱ्हाडला कृष्णेला मिळतं, आणि कऱ्हाडच्या खाली टेंभूला ते उचललं जातं.

टेंभूचं नाव ऐकताच आमचा पाय दुखावलेला गडी उठून बसला. आटपाडीला टेंभू योजनेचं पाणी येतं, तेव्हाच त्यांची बाग तगते. तो थोडा वेळ पाण्याकडं बघत राहिला. मग लाँचवाल्याला म्हणाला, "मामा, आमच्या डाळिंबाला ह्येच पाणी येतंय."

मला वाटलं, म्हातारा काही लागट बोलेल. त्यानं सुकाणू जरा वळवलं.

"व्हय का? मग औंदा भाव काय लागला डाळिंबाला?"

पोरानं आकडा सांगितला. मग बामणोलीचा काठ येईपर्यंत ते दोघं व्यापारी, दलाली आणि फळावर पडणारा तेल्या रोग यांवरच बोलत बसले.