घराचे रक्षण आणि हातातील शस्त्र

(नायगाव येथील गृहसंकुलांतील रहिवाशांसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



अज्ञातवासात प्रवेश करण्यापूर्वी पांडवांपुढे एक व्यावहारिक प्रश्न उभा होता : शस्त्रे ठेवायची कुठे? विराटनगरीबाहेरच्या शमीवृक्षावर त्यांनी ती बांधून ठेवली. झाडाजवळ कुणी फिरकू नये म्हणून तेथे एक प्रेतही टांगले. वर्षभर त्या शस्त्रांना परक्याचा हात लागला नाही. गोग्रहणाची वेळ आली तेव्हा अर्जुनाने उत्तराला झाडावर चढवून ती खाली उतरवून घेतली. दसऱ्याला आपण शमीचे पूजन करतो, आदल्या दिवशी खंडेनवमीला शस्त्रे पूजतो. पण या कथेतला बोध सहसा ध्यानात घेत नाही. शस्त्र कोणते, याइतकेच ते कुठे ठेवले आणि कुणाच्या हाती लागू दिले नाही, हेही महत्त्वाचे असते.

हा विषय आज नायगावात निघण्याचे कारण उघड आहे. खाडीच्या उत्तर तीरावरचे हे गाव एके काळी मिठागरे, शेती आणि मासेमारी यांवर जगत होते. प्रत्येक घराला प्रत्येक घराची ओळख होती. आता पूर्वेला उंच इमारतींची रांग उभी राहिली आहे. नवरा-बायको दोघेही सकाळच्या लोकलने मुंबईला जातात, घरात म्हातारे आई-वडील किंवा शाळेतून आलेली मुले एकटी असतात, आणि समोरच्या दाराआड कोण राहते हे वर्ष उलटले तरी ठाऊक नसते. एखाद्या इमारतीत घरफोडी झाली की चर्चा सुरू होते : परवाना काढावा का? घेतलेच तर पिस्तूल घ्यावे की रिव्हॉल्व्हर? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर भावनेच्या भरात न देता माहितीच्या आधारे दिले पाहिजे.

प्रथम कायदा. १८७८ साली लॉर्ड लिटनच्या राजवटीत जो शस्त्र कायदा झाला, त्याने हिंदी माणसाला निःशस्त्र केले आणि गोऱ्यांना त्यातून मोकळे ठेवले. तो अपमान आपल्या पूर्वजांनी दीर्घकाळ सोसला. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र अधिनियम आला. त्याने परवान्याचे बंधन कायम ठेवले, आणि ते योग्यच होते. आज २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार अर्जदाराला आपल्या गरजेचे कारण द्यावे लागते, पोलीस चौकशीला सामोरे जावे लागते, शस्त्र हाताळण्याचे सुरक्षा-प्रशिक्षण घ्यावे लागते आणि शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी द्यावी लागते. वयाची एकवीस वर्षे पूर्ण असावी लागतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनपेक्षा अधिक शस्त्रे बाळगता येत नाहीत, परवान्याची मुदत पाच वर्षे झाली आहे, आणि लग्नाच्या वरातीत हवेत गोळी झाडून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. नायगावच्या रहिवाशाचा अर्ज मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाकडे जातो. हे आयुक्तालय १ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झाले. आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवानाधारकांना शस्त्र जमा करण्याचे आदेश निघू शकतात. म्हणजे ज्याने घराची सारी सुरक्षा एका रिव्हॉल्व्हरवर सोपवली, त्याच्यावर ते शस्त्र घरात नसतानाही राहण्याची वेळ येऊ शकते.

परवाना मिळाल्यावर निवडीचा प्रश्न येतो. चित्रपटांत दिसणारे ९ मिलिमीटरचे पिस्तूल सामान्य नागरिकाला मिळत नाही. ते बोअर निषिद्ध गटात मोडते. गृहरक्षणासाठी परवाना मिळतो तो मुख्यतः ०.३२ बोअरच्या शस्त्राचा. त्यात कानपूरच्या आयुधनिर्माणीचे सहा गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे. त्याची घडण जुन्या वेब्ली धाटणीची असून ते मधून दुमडून उघडते. २०१४ मध्ये तेथूनच सुमारे अर्धा किलो वजनाचे 'निर्भीक' आले, तर २०२३ मध्ये चक्र बाजूला उघडणारे 'प्रबळ'. पश्चिम बंगालमधील आयुधनिर्माणीचे 'अशनी' हे ०.३२ चे पिस्तूलही उपलब्ध आहे. १ ऑक्टोबर २०२१ पासून आयुधनिर्माणी मंडळाच्या जागी सात सरकारी कंपन्या आल्या, तरी लोकांच्या तोंडी कारखान्यांची जुनीच नावे आहेत.

आता अचूकता आणि विश्वासार्हता या दोन गुणांचा विचार करू. नायगावच्या दोन खोल्यांच्या सदनिकेत शयनगृहापासून मुख्य दारापर्यंतचे अंतर फार तर आठ-दहा पावले भरते. एवढ्या अंतरावर प्रत्येक चांगले शस्त्र पुरेसे अचूक असते. चुकतो तो हात. म्हणून निवडताना नळीच्या लांबीची चर्चा करण्याआधी मूठ आपल्या तळव्यात नीट बसते का, चाप ओढताना नळी हलते का, समोरची माशी मंद उजेडात दिसते का, हे पाहावे. अगदी हलके शस्त्र खिशाला सोयीचे असते, पण गोळी सुटताना ते अधिक उसळते आणि दुसरा नेम बिघडवते. घरात ठेवायच्या शस्त्राला थोडे वजन असणे हिताचे आहे.

विश्वासार्हतेच्या बाबतीत रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल यांत मूलभूत भेद आहे. रिव्हॉल्व्हरमध्ये एखादे काडतूस फुटले नाही, तर चाप पुन्हा ओढताच चक्र फिरून पुढचे काडतूस समोर येते. पिस्तूल अडकले, तर दोन्ही हातांनी ते मोकळे करावे लागते. ही क्रिया सरावाशिवाय अंधारात जमत नाही. उलट पिस्तुलात गोळ्या अधिक मावतात आणि ते पुन्हा भरणे सोपे असते. वर्षातून चार वेळाही शस्त्र हाती न घेणाऱ्या गृहस्थाला रिव्हॉल्व्हर बरे, असे जाणकार सांगतात, ते याच कारणाने. जुने शस्त्र विकत घेताना मात्र चक्र जागेवर घट्ट बसते का, नळीत गंजाचे खड्डे आहेत का, घोडा आणि काडतूस यांच्यामध्ये सुरक्षेचा अडसर आहे का, हे शस्त्र-कारागिराकडून तपासून घ्यावे. हा अडसर नसेल, तर घोड्याखालचा कप्पा रिकामा ठेवण्याचा जुना शहाणपणा आजही पाळावा. तसे रिव्हॉल्व्हर हातून पडले तर चाप न ओढताही गोळी सुटू शकते.

आणि नायगावची हवा! खाडीची खारी हवा खिडकीचे गज खाऊन टाकते, तशीच ती नळीही खाते. शस्त्र महिन्यातून एकदा पुसून तेलाचा हलका हात द्यावा. काडतुसांना मात्र तेल लागू देऊ नये, ती कोरड्या डब्यात ठेवावीत. पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्याची काडतुसे आपल्याकडे वर्षानुवर्षे वापरात आहेत; पण चांगले काडतूसही दहा पावसाळे कपाटात दमट झाले तर भरवशाचे राहत नाही. जुनी काडतुसे सरावात वापरून संपवावीत, नवी घरात ठेवावीत.

सराव हा शब्द आला, म्हणून आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतचे उदाहरण. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवणारी ती नेमबाजीतील पहिली भारतीय महिला ठरली. त्या पदकामागे वर्षानुवर्षांचा रोजचा सराव होता, आणि तिच्या समोर होता तो स्थिर, उजेडातला कागद. मध्यरात्री दचकून उठलेल्या, छाती धडधडत असलेल्या आणि चष्मा न सापडलेल्या माणसाने सरावाशिवाय नेम धरण्याची आशा करणे हा भाबडेपणा होय.

येथे आपल्या भागाला परिचित असलेली एक घटना आठवते. विरारमध्ये लहानाचे मोठे झालेले आणि २००४ मध्ये उत्तर मुंबईतून लोकसभेवर गेलेले अभिनेते गोविंदा १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे कोलकात्याला निघण्याच्या तयारीत होते. आपले परवानाधारक रिव्हॉल्व्हर ठेवत असताना ते हातातून निसटले आणि गोळी त्यांच्या पायात शिरली. शस्त्रक्रियेने ती काढली गेली आणि ते बरे होऊन घरी परतले. दरवाजात चोर नव्हता, भांडण नव्हते. घाईचा एक क्षण होता. गोळीला मालक आणि चोर यांतला फरक कळत नाही.

दुसरी घटना याहून गंभीर. ८ फेब्रुवारी २०२४ रोजी मुंबईच्या उत्तर उपनगरात माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची गोळ्या झाडून हत्या झाली, आणि मारेकऱ्याने स्वतःवरही गोळी झाडून घेतली. ते पिस्तूल त्याच्या अंगरक्षकाच्या परवान्यावरचे होते, असे पोलीस तपासात पुढे आले. परवाना एकाचा आणि हात दुसऱ्याचा, अशी स्थिती आली की कायद्याचा सारा हेतू विफल होतो. म्हणून घरात शस्त्राला कुलपाची भक्कम पेटी हवी, काडतुसे वेगळी हवीत, आणि किल्ली कुठे आहे हे मुलांना, घरकामाला येणाऱ्यांना, पाहुण्यांना ठाऊक नसावे. घरात कुणी व्यसनाधीन असेल, खोल नैराश्यात असेल, किंवा भांडणे हातघाईवर येत असतील, तर त्या घरात शस्त्र आणूच नये. हे सांगताना संकोच वाटतो, पण न सांगणे हा अपराध ठरेल.

तिसरी गोष्ट ओळखीची. १६ एप्रिल २०२० च्या रात्री आपल्याच पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक जमावाच्या हातून मारले गेले. चोर आणि मुले पळवणारे फिरत असल्याच्या अफवा त्या भागात पसरल्या होत्या. त्या रात्रीच्या जखमेची आठवण आजही समाजाला अस्वस्थ करते. भयाने आंधळे झालेले 'रक्षण' निरपराधाचा जीव घेते, हा त्यातला कठोर धडा आहे. तो आपल्या घरालाही लागू पडतो. नायगावात शेवटच्या लोकलने येणारी, रात्रपाळी करून पहाटे परतणारी मुले घरोघरी आहेत. अंधारात कडी वाजली, सावली हलली, आणि नाव न विचारता चाप ओढला, तर समोर आपलाच मुलगा असू शकतो. दाराची फळी, खिडकीची काच किंवा प्लायवुडचा आडोसा गोळीला अडवत नाही. पलीकडे शेजाऱ्याचे घर असते.

कायदाही हेच सांगतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ पासून ४४ पर्यंत खासगी संरक्षणाचा हक्क मांडला आहे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी होणाऱ्या घरफोडीत हा हक्क हल्लेखोराच्या मृत्यूपर्यंतही जाऊ शकतो. परंतु कलम ३७ ची मर्यादा त्यावर कायम आहे. संरक्षणासाठी आवश्यक तेवढ्यापेक्षा अधिक इजा करता येत नाही. पाठ फिरवून पळणाऱ्या चोरावर गोळी झाडणारा गृहस्थ फिर्यादी न राहता आरोपी होऊ शकतो.

मग करावे काय? वसईचा किल्ला येथून फार दूर नाही. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या सैन्याने तो घेतला, तो एका तलवारीच्या जोरावर नव्हे. महिनोन्‌महिने वेढा चालला, तटाखाली सुरुंग खणले गेले आणि हजारो माणसे एका शिस्तीत लढली. घराचे रक्षणही असेच थराथराने होते. पहिला थर भक्कम दार, आतून अडसर आणि जाळीचे दुसरे दार. दुसरा जिन्यातला उजेड आणि जागा पहारेकरी. तिसरा शेजारी : समोरच्या घराची एक किल्ली, एक दूरध्वनी क्रमांक, आठवड्यातून एकदा दहा मिनिटांची गप्पा. चौथा ११२ हा क्रमांक, जो घरातल्या आजीलाही पाठ असावा. ज्याला खरोखर जीवाचा धोका आहे आणि ज्याची सरावाची तयारी आहे, त्याने या साऱ्यानंतर शस्त्राचा विचार करावा. कारण शस्त्र हा शेवटचा थर आहे.

खंडेनवमीला शस्त्रावर हळदकुंकू वाहताना एवढे आठवावे. त्या दिवशी ते स्वच्छ करावे, तपासावे, पुन्हा पेटीत ठेवावे आणि किल्ली आपल्याजवळ ठेवावी. आणि ज्या घरात शस्त्र नाही, त्या घराने दुसऱ्या दिवशी दसऱ्याच्या संध्याकाळी आपट्याची पाने घेऊन समोरच्या अनोळखी दारावर थाप द्यावी. ते दार उघडले, तर नायगावातल्या दोन घरांची सुरक्षा एकाच वेळी वाढलेली असेल.